डॉ. कृष्णा भारद्वाज : शेतकऱ्याचा बाजार ओळखणारी विदुषी



आपल्या माण तालुक्यातला कोरडवाहू शेतकरी डोळ्यांपुढे आणा. पेरणीला ज्याच्याकडून उचल घेतली, सुगीला त्याच्याच दारात बाजरीची पोती उतरवावी लागतात. भावही तोच करतो. हा अनुभव आपणांस नवा नाही. परंतु या व्यवहाराला अर्थशास्त्राच्या ग्रंथात मानाचे स्थान देणाऱ्यांत एक बाई होत्या, हे आपल्यापैकी किती जणांना ठाऊक आहे?

डॉ. कृष्णा भारद्वाज यांचा जन्म २१ ऑगस्ट १९३५ रोजी कारवारला झाला. माहेरचे आडनाव चंदावरकर. बालपण बेळगावात गेले आणि कॉलेज मुंबईच्या रुईया-रुपारेलच्या परिसरात, रुपारेलमध्ये झाले. १९६० साली मुंबई विद्यापीठाची पीएच. डी. त्यांनी मिळविली. विषय होता रेल्वे वाहतुकीचे नियोजन! मुलींना गणित झेपत नाही असे म्हणून आठवीनंतर शाळा सोडविणाऱ्या पालकांनी हे जरा ध्यानात घ्यावे.

पुढे मुंबईच्या 'इकॉनॉमिक वीकली' या साप्ताहिकाचे संपादक सचिन चौधरी यांनी त्यांच्या हाती परीक्षणासाठी एक पुस्तक ठेवले. केंब्रिजचे पिएरो स्राफा यांचे हे पुस्तक जेमतेम शंभर पानांचे, पण लेखकाने त्यावर तीस वर्षांहून अधिक काळ घालविलेला. भल्याभल्या पंडितांना ते उलगडेना. बाईंनी ते नेटाने वाचले. ऑगस्ट १९६३ मध्ये, वयाच्या अठ्ठाविसाव्या वर्षी लिहिलेले त्यांचे परीक्षण केंब्रिजपर्यंत पोहोचले आणि काही वर्षांत त्याही तेथे पोहोचल्या. स्राफा व जोन रॉबिन्सन यांच्याशी त्यांचा स्नेह जडला.

मला मात्र त्यांचे १९७४ चे भारतीय शेतीवरील पुस्तक अधिक मोलाचे वाटते. केंद्र सरकारने १९५४ पासून निवडक जिल्ह्यांत शेतकऱ्यांच्या जमाखर्चाची पाहणी केली होती. त्यात आपल्याकडचे नगर व नाशिक हे जिल्हेही होते. लहान शेतकरी एकरी अधिक पिकवितो काय, यावर त्या आकड्यांवरून मोठा वाद माजला होता. बाईंनी वेगळेच विचारले. हा शेतकरी बाजारात जातो तो खुशीने की नाइलाजाने? मोठा बागायतदार घरचे भागवून उरलेले विकतो, भाव चढेपर्यंत थांबतो. लहान शेतकरी देणे फेडण्यासाठी खळ्यावरूनच विकतो आणि पुढे तेच धान्य चढ्या भावाने विकत आणतो. जमीन, कर्ज, मजुरी आणि माल हे चारही व्यवहार एकाच धनिकाशी असले, तर एकात सुटला तरी दुसऱ्यात तो अडकतोच.

दिल्लीच्या जवाहरलाल नेहरू विद्यापीठातील अर्थशास्त्राचे केंद्र उभारण्यात त्यांचा मोठा वाटा होता. तेथे त्यांनी विद्यार्थ्यांच्या पिढ्या घडविल्या. ८ मार्च १९९२ रोजी, महिला दिनीच, वयाच्या ५६ व्या वर्षी त्यांचे निधन झाले.