मायकेल फॅरडे (१७९१–१८६७)

मुलांनो, मायकेल फॅरडे हा इंग्लंडमधल्या एका गरीब लोहाराचा मुलगा. शाळा जेमतेम झाली. चौदाव्या वर्षी तो लंडनमध्ये पुस्तकबांधणीच्या दुकानात उमेदवारीला लागला. बांधायला आलेली पुस्तके वाचून विज्ञान शिकला. १८१३ साली रॉयल इन्स्टिट्यूशनमध्ये मदतनीस झाला.

विजेपासून चुंबक होतो, मग चुंबकापासून वीज का नाही? अनेक प्रयत्न फसले. २९ ऑगस्ट १८३१ रोजी त्याने लोखंडी कड्यावर तांब्याच्या तारेची दोन वेगळी वेटोळी गुंडाळली. एकात वीज सोडताना आणि तोडताना दुसऱ्याजवळची चुंबकसूची हलली. मधल्या वेळात स्तब्ध! बदलत्या चुंबकत्वातून वीज मिळाली होती.

आज काही मोठ्या ट्रान्सफॉर्मरमधले तापलेले तेल नळ्यांतून पाणी खेळवून गार करतात. पण आतली युक्ती मात्र त्या कड्याचीच.