लोकमान्य टिळकांचा मधुमेह आणि तुमच्या घरातले ग्लुकोमीटर

लोकमान्य टिळक म्हटले की तुम्हाला केसरी आठवतो, गणेशोत्सव आठवतो, मंडालेचा तुरुंग आठवतो. त्यांना मधुमेह होता, हे मात्र फार जणांना माहीत नसते. तुमच्या घरात कोणाला 'शुगर' असेल, तर त्यांचे आयुष्य या बाजूनेही एकदा पाहा.

टिळकांचा जन्म २३ जुलै १८५६ रोजी रत्नागिरीत झाला. पुण्याच्या डेक्कन कॉलेजात आले तेव्हा त्यांची तब्येत किरकोळ होती. पहिले वर्ष त्यांनी अभ्यासापेक्षा व्यायामाला दिले आणि शरीर कमावले. पुढची वर्षे वर्तमानपत्र, खटले आणि तुरुंगात गेली. त्यातच मधुमेह जडला.

२२ जुलै १९०८ रोजी, बावन्नाव्या वाढदिवसाच्या आदल्या दिवशी, त्यांना राजद्रोहाबद्दल सहा वर्षांची शिक्षा झाली. ब्रह्मदेशातल्या मंडालेच्या तुरुंगात जेवणावर बंधने आली. मधुमेहामुळे भात-पोळी मागे पडली आणि सातूच्या पिठावर भर आला. त्याच कोठडीत त्यांनी गीतारहस्य लिहिले. १९१२ मध्ये पत्नी सत्यभामाबाई पुण्यात वारल्या, तेव्हाही ते तिथेच होते. १९१४ मध्ये त्यांची सुटका झाली.

त्या काळी मधुमेहावर खात्रीचे औषध नव्हते. पथ्य हाच मुख्य उपाय होता. तपासणी होई ती लघवीची. निळ्या द्रावणात लघवी घालून तापवली आणि रंग विटकरी झाला, की साखर आहे असे समजायचे. पण रक्तातली साखर साधारण १८० च्या वर गेल्याशिवाय ती सहसा लघवीत उतरत नाही. शिवाय ही तपासणी मागच्या काही तासांचे सांगते, आत्ताचे नाही. साखर फार कमी झाली, तर त्यातून कळतच नाही. म्हणजे पथ्य कितीही कडक पाळले, तरी त्याचा रोजचा परिणाम आकड्यात पाहायची सोय टिळकांना नव्हती.

जुलै १९२० मध्ये मुंबईत त्यांना ताप आला, पुढे न्यूमोनिया झाला आणि १ ऑगस्टला सरदारगृहात त्यांचे निधन झाले. पुढच्याच वर्षी कॅनडात बँटिंग आणि बेस्ट यांनी इन्सुलिन शोधले. ११ जानेवारी १९२२ रोजी एका चौदा वर्षांच्या मुलाला त्याचे पहिले इंजेक्शन दिले गेले. घरी वापरायचे ग्लुकोमीटर यायला आणखी कित्येक दशके लागली.

आज बेल्ह्यात किंवा आळेफाट्याला औषधांच्या दुकानात तुम्हाला ते सहज मिळते. पण अनेक घरांत ते कपाटात पडून असते, नाहीतर त्रास झाल्यावरच बाहेर येते. ते असे वापरा:

- आधी हात साबणाने धुऊन कोरडे करा. बोटाला गूळ किंवा फळाचा रस लागलेला असेल, तर आकडा खोटा वाढतो.
- पट्ट्यांची मुदत पाहा आणि डबीचे झाकण लगेच लावा.
- उपाशीपोटी आणि जेवण सुरू केल्यापासून दोन तासांनी तपासा. किती वेळा, ते डॉक्टरांना विचारा. बहुतेकांसाठी उपाशीपोटी ८० ते १३० आणि जेवणानंतर १८० च्या आत हे लक्ष्य असते. वृद्धांसाठी ते थोडे सैल ठेवतात.
- आकड्याशेजारी काय खाल्ले, किती चाललात, गोळी घेतली का, हे वहीत लिहा.
- घाम, थरथर, गोंधळ वाटला तर लगेच तपासा. ७० च्या खाली असेल तर तीन चमचे साखर पाण्यातून घ्या आणि १५ मिनिटांनी पुन्हा पाहा. माणूस शुद्धीवर नसेल तर तोंडात काही घालू नका, दवाखान्यात न्या.
- तापाच्या आजारात साखर चढते. त्या दिवसांत जास्त वेळा तपासा. इन्सुलिन मनाने बंद करू नका.

इन्सुलिन घेणाऱ्यांसाठी आता दंडावर लावायचा सेन्सरही मिळतो. तो दिवसरात्र साखरेचा चढउतार दाखवतो. तो महाग आहे आणि सर्वांना लागत नाही. तीन महिन्यांची सरासरी सांगणारी एचबीए१सी तपासणी मात्र वेळच्या वेळी करावीच लागते.

यंत्र फक्त आकडा देते. तो पाहून ताटातली भाकरी, भात, संध्याकाळचे चालणे आणि औषध यांत बदल व्हायला हवा, आणि औषधातला बदल डॉक्टरांना विचारूनच. पुढच्या वेळी दवाखान्यात येताना ती वही सोबत आणा.