महाराष्ट्राला दोनदा रणजी जिंकून देणारा कॅप्टन संस्कृतचा प्रोफेसर होता

एक सोपा प्रश्न. महाराष्ट्राच्या टीमनं रणजी ट्रॉफी किती वेळा जिंकलीये? मुंबईच्या ट्रॉफ्या मोजू नका, ती वेगळी टीम आहे. विदर्भही वेगळा. पुणे, नाशिक, कोल्हापूरपासून ते आपल्या नांदेड-लातूरपर्यंतची पोरं ज्या टीमकडून खेळायचं स्वप्न बघतात, त्या टीमबद्दल विचारतोय.

उत्तर आहे, दोनदा. १९३९-४० आणि १९४०-४१. सलग दोन सीझन. त्यानंतर एकदाही नाही.

दोन्ही वेळेस टीमचे कॅप्टन होते दिनकर बळवंत देवधर. वय पन्नाशीला आलेलं आणि नोकरी पुण्याच्या एस. पी. कॉलेजात संस्कृत शिकवण्याची.

देवधरांचा जन्म १४ जानेवारी १८९२ चा, पुण्याचा. १९११ मध्ये ते पहिली फर्स्ट क्लास मॅच खेळले. तेव्हा रणजी ट्रॉफी नव्हती आणि भारताची टेस्ट टीमही नव्हती. मुंबईत हिंदू, पारशी, युरोपियन अशा धर्म आणि जातकुळीवर बनलेल्या टीम एकमेकांशी भिडायच्या. देवधर हिंदूंच्या टीमकडून खेळायचे. क्रिकेटवर पोट भरायची सोय नव्हती, त्यामुळं कॉलेज सांभाळूनच सगळं चालायचं.

त्यांचं नाव गाजलं ते १९२६ मध्ये. आर्थर गिलिगनच्या कॅप्टनशिपखाली इंग्लंडहून एमसीसीची टीम भारतात आली होती. मुंबईच्या जिमखाना मैदानावर सी. के. नायडूंनी ११ सिक्स मारत १५३ रन्स कुटल्या. त्यानंतर काही दिवसांनी त्याच मैदानावर ऑल इंडियाकडून देवधरांनी १४८ रन्स केल्या. भारतीय खेळाडू इंग्रजांच्या तोडीस तोड खेळू शकतात हे या दौऱ्यात दिसलं. १९२८ मध्ये बीसीसीआय स्थापन झालं आणि १९३२ मध्ये भारतानं लॉर्ड्सवर पहिली टेस्ट खेळली.

पण त्या टीममध्ये देवधर नव्हते. तेव्हा त्यांचं वय होतं ४०.

या वयात बहुतेक जण बॅट माळ्यावर टाकतात. देवधरांची खरी इनिंग मात्र इथून पुढं सुरू झाली.

१९३४-३५ मध्ये रणजी ट्रॉफी सुरू झाली. फॉरमॅट सरळ होता, नॉकआऊट. एक मॅच हरली की सीझन संपला. मॅच पूर्ण झाली नाही तर पहिल्या डावात ज्याची आघाडी तो पुढं. त्यात महाराष्ट्राचा झोन पश्चिम, म्हणजे मुंबई, बडोदा, नवानगर अशा तगड्या टीम सुरुवातीलाच समोर.

बरं, तेव्हा महाराष्ट्र नावाचं राज्यसुद्धा नव्हतं. ते झालं १९६० मध्ये. नांदेड निजामाच्या हैदराबाद संस्थानातला जिल्हा होता आणि लातूर उस्मानाबाद जिल्ह्यात होतं. म्हणजे तेव्हाच्या हिशोबानं मराठवाड्याची रणजी टीम हैदराबादची, आणि त्या टीमनं १९३७-३८ ला ट्रॉफी जिंकलीही होती.

मग आला १९३९-४० चा सीझन. देवधरांच्या टीममध्ये सांगलीचा एक शांत पोरगा होता, विजय हजारे. त्यानं पुण्यात बडोद्याविरुद्ध नाबाद ३१६ रन्स ठोकल्या. रणजीतली ही पहिली ट्रिपल सेंच्युरी. फायनलही पुण्यातच झाली आणि महाराष्ट्रानं युनायटेड प्रोव्हिन्सेसला, म्हणजे आजच्या उत्तर प्रदेशला, १० विकेट्सनी हरवलं.

पुढच्या सीझनला समोर आली मुंबई. मैदान पुन्हा पुण्याचं. यावेळी रन्सचा डोंगर उभा केला तो खुद्द प्रोफेसरांनी. देवधरांनी २४६ रन्स केल्या, त्यांच्या करिअरमधला सगळ्यात मोठा स्कोअर. महाराष्ट्र ६७५. मुंबईनंही हार मानली नाही, खंडू रांगणेकरांनी २०२ रन्स काढल्या आणि टीम ६५० पर्यंत गेली. फरक फक्त २५ रन्सचा. पण नियमानुसार तेवढा पुरेसा होता. मुंबई बाहेर, महाराष्ट्र पुढं.

त्याच सीझनमध्ये रंगा सोहोनींनी ६५५ रन्स काढल्या. फायनलला टीम मद्रासला गेली आणि मद्रासला त्यांच्याच घरात ६ विकेट्सनी हरवून ट्रॉफी घेऊन आली.

मग ही गाडी थांबली कशामुळं?

एक मोठं कारण म्हणजे संस्थानांचा पैसा. राजेमहाराजे चांगल्या खेळाडूंना नोकऱ्या द्यायचे आणि आपल्या टीममध्ये घ्यायचे. हजारे बडोद्याकडून खेळायला लागले आणि १९४२-४३ मध्ये बडोद्यानं रणजी जिंकली. पुण्याच्या टीमकडं द्यायला असं काही नव्हतं.

देवधर मात्र खेळत राहिले. पन्नाशी ओलांडल्यावर, १९४४ मध्ये त्यांनी नवानगरविरुद्ध एकाच मॅचच्या दोन्ही डावांत सेंच्युरी मारली, १०५ आणि १४१. थांबले तेव्हा ८१ फर्स्ट क्लास मॅचमध्ये ४५२२ रन्स आणि ९ सेंच्युरी नावावर होत्या. टेस्ट मात्र एकही नाही. १९३६ ते १९४६ या काळात भारतानं एकही टेस्ट खेळली नाही, आणि देवधरांचे सगळ्यात मोठे सीझन नेमके याच दहा वर्षांतले.

घरातही खेळ होताच. तारा, सुंदर आणि सुमन या त्यांच्या मुलींनी बॅडमिंटनमध्ये देशभर दबदबा निर्माण केला. देवधरांना १९६५ मध्ये पद्मश्री आणि १९९१ मध्ये पद्मभूषण मिळाला. १९७३-७४ पासून झोनच्या टीममध्ये वन-डे स्पर्धा सुरू झाली, तिला नाव दिलं देवधर ट्रॉफी.

१९९२-९३ मध्ये महाराष्ट्राची टीम पुन्हा रणजी फायनलला पोचली. ५२ वर्षांपूर्वी शेवटची ट्रॉफी आणणारा कॅप्टन तेव्हा १०१ वर्षांचा होता. पण पंजाबनं महाराष्ट्राला हरवलं. त्याच वर्षी २४ ऑगस्टला देवधर गेले.

२०१३-१४ ला पुन्हा फायनल, समोर कर्नाटक, पुन्हा हार. या काळात मुंबईच्या ट्रॉफ्या ४० च्या वर गेल्या, विदर्भानंही २०१७-१८ आणि २०१८-१९ अशा सलग दोन जिंकल्या.

आता या टीममध्ये मराठवाडा आहे. जालन्याचा विजय झोल, पैठणचा अंकित बावणे महाराष्ट्राकडून खेळले. १९४१ मध्ये ज्या गावांचा या टीमशी काही संबंध नव्हता, तिथली पोरं आज तीच कॅप घालतात. तिसरी ट्रॉफी आणायचं काम अजून बाकी आहे.