जागा बदलायला नकार देणारा क्वार्टरबॅक

समजा, प्लेसमेंटचा सीझन आहे. तीन-चार वर्षं तुम्ही एकच काम मन लावून शिकलात. वर्गातच नाही, अख्ख्या देशात त्या कामात तुमचा हात धरणारं फारसं कुणी नाही. दोन मोठ्या कंपन्या येतात, दोघींना तुम्हीच हवे आहात. पण अट अशी, की ते काम सोडून दुसरं काहीतरी करायचं. का, तर त्या खुर्चीवर तुमच्यासारखे दिसणारे लोक बसत नाहीत. असं तोंडावर कुणी म्हणत नाही, फक्त तुम्हाला ते कळतं. तुम्ही ऑफर घ्याल की नाही? उत्तर आत्ताच देऊ नका. आधी सँडी स्टीफन्सची गोष्ट वाचा.

हा माणूस 2000 साली गेला, म्हणजे आपल्यापैकी बरेच जण जन्मायच्याही आधी. त्याचा खेळ अमेरिकन फुटबॉल. हेल्मेट, खांद्यांवर पॅड, लांबुळका चेंडू आणि धडाधड एकमेकांवर आदळणारी माणसं, तोच तो. आपल्याकडे तो फारसा कुणी बघत नाही, म्हणून एक गोष्ट आधी सांगते. या खेळात क्वार्टरबॅक हा संघाचा मेंदू. प्रत्येक डावपेच त्याच्या हातून सुरू होतो. चेंडू आधी त्याच्याकडे येतो, मग तो फेकायचा, दुसऱ्याच्या हातात द्यायचा की स्वतः घेऊन पळायचा, हे त्याने दोन-तीन सेकंदांत ठरवायचं. त्या काळात तर मैदानावर पुढची चाल कुठली, हेही बऱ्याचदा क्वार्टरबॅकच सांगायचा. कॅप्टन आणि विकेटकीपर एकाच माणसात, शिवाय प्रत्येक बॉल आधी त्याच्याच हातात, अशी कल्पना करा.

आता कळलं असेल प्रॉब्लेम कुठे होता. 1934 ते 1945 या काळात अमेरिकेच्या एनएफएलमध्ये एकही कृष्णवर्णीय खेळाडू नव्हता. 1946 मध्ये दार किलकिलं झालं. वॉशिंग्टनच्या संघाने तर 1962 पर्यंत वाट पाहिली, तीही सरकारने स्टेडियमवरून दम भरल्यावर सोडली. पण आत आलेल्या मुलांना जागा मिळाल्या त्या पळण्याच्या, अडवण्याच्या, धडक देण्याच्या. हुकूम द्यायची जागा गोऱ्यांसाठी राखीव. असा नियम कुठे लिहिलेला नव्हता, आणि लिहिलेला नव्हता म्हणूनच तो मोडायचा कसा हेही कळत नव्हतं.

स्टीफन्सचा जन्म 1940 चा, पेनसिल्व्हेनियातल्या युनियनटाऊनचा. हा पिट्सबर्गजवळचा कोळशाच्या खाणींचा पट्टा. शाळेत तो सगळंच खेळायचा, फुटबॉल, बास्केटबॉल, बेसबॉल. मिनेसोटा विद्यापीठाने त्याला घेतलं तेव्हा तिथले प्रशिक्षक होते मरे वॉर्मथ. या गृहस्थांचं एक मानलं पाहिजे. त्यांनी कृष्णवर्णीय मुलगा आणला आणि त्याला क्वार्टरबॅकच ठेवला. 1959 मध्ये संघ नऊपैकी सात सामने हरला. वॉर्मथ यांचे पुतळे टांगले गेले, त्यांच्या अंगणात लोकांनी कचरा आणून टाकला, त्यांना घालवायला गावातले पैसेवाले पुढे सरसावले. अशा वेळी नवख्या क्वार्टरबॅकला बाहेर बसवणं सगळ्यात सोपं होतं. वॉर्मथ यांनी ते केलं नाही.

पुढच्याच वर्षी, 1960 मध्ये, हाच संघ देशात पहिला आला. मधे फक्त एक वर्ष! क्रमवारीत अव्वल असलेल्या आयोवाला त्यांनी 27-10 असं हरवलं. मग 1 जानेवारी 1961 च्या आसपास, नेमकं सांगायचं तर 2 तारखेला, कॅलिफोर्नियातल्या पॅसाडीनाच्या रोझ बोलमध्ये ते वॉशिंग्टन विद्यापीठाकडून 17-7 असे हरले. कॉलेज फुटबॉलमध्ये रोझ बोल म्हणजे मानाचा सामना. ती हार स्टीफन्सच्या जिव्हारी लागली असणार, कारण वर्षभराने तो पुन्हा तिथे उभा होता. या वेळच्या आमंत्रणात नशिबाचाही वाटा होता. आधी मान होता ओहायो स्टेटचा, पण तिथल्या प्राध्यापकांनी मतदान करून नकार दिला. (अभ्यासाचं नुकसान होतं म्हणून! आपल्याकडच्या कुठल्या कॉलेजने असं केल्याचं मी तरी ऐकलं नाही.)

1 जानेवारी 1962. देशभर रंगीत टीव्हीवर दाखवला गेलेला कॉलेज फुटबॉलचा हा पहिला सामना. समोर यूसीएलए, त्यांच्याच घरच्या भागात. मिनेसोटा 21-3 ने जिंकलं. तीनपैकी दोन टचडाऊन स्टीफन्सने स्वतः केले आणि सामनावीरही तोच ठरला. त्या मोसमात तो सर्वमान्य ऑल-अमेरिकन संघात निवडला गेला होता. ऑल-अमेरिकन म्हणजे देशातल्या सर्वोत्तम कॉलेज खेळाडूंचा कागदावरचा संघ. त्यात असा सर्वमान्य क्वार्टरबॅक म्हणून पोचलेला तो पहिला कृष्णवर्णीय. सर्वोत्तम कॉलेज खेळाडूच्या हाइझमन ट्रॉफीच्या मतदानात तो चौथा आला. ट्रॉफी मिळाली अर्नी डेव्हिसला. तोही कृष्णवर्णीय, आणि ती जिंकणारा पहिलाच. पण डेव्हिस पळणारा होता. पळणारा चालत होता.

तेव्हा स्टीफन्सचं वय होतं 21. तुमच्यापैकी थर्ड इयरला असलेल्यांच्या एवढंच.

व्यावसायिक संघांनी त्याला निवडलं नाही असं बिलकूल नाही. न्यूयॉर्क टायटन्सने त्याला एएफएलच्या ड्राफ्टमध्ये पहिल्याच फेरीत उचललं, एनएफएलच्या क्लीव्हलंड ब्राऊन्सने दुसऱ्या फेरीत. तो तगडा होता, वेगवान होता, कुणालाही हवाच वाटेल असा. फक्त क्वार्टरबॅक म्हणून खेळवायची दोघांचीही तयारी नव्हती. दुसऱ्या जागी ये, मग बघू.

त्याने दोन्ही संघांना नकार दिला आणि तो सीमा ओलांडून मॉन्ट्रियल अलुएट्सकडे गेला.

मॉन्ट्रियलच का, याला थोडी पार्श्वभूमी आहे. 1946 मध्ये जॅकी रॉबिन्सन ब्रुकलिनला जाण्याआधी बेसबॉल खेळला तो मॉन्ट्रियलमध्येच. त्याच वर्षी हर्ब ट्रॅविक अलुएट्सकडून फुटबॉल खेळायला लागला. 1951 मध्ये हॅमिल्टन टायगर-कॅट्सने बर्नी कस्टिस या कृष्णवर्णीय मुलाला सरळ क्वार्टरबॅक म्हणून उतरवलं. त्यालाही क्लीव्हलंडनेच निवडलं होतं आणि त्यालाही जागा बदलायला सांगितलं होतं. म्हणजे वाट मळलेली होती. शिवाय कॅनडाचा खेळ वेगळा. मैदान 110 यार्ड लांब, 65 यार्ड रुंद, अमेरिकेपेक्षा दोन्हीकडून मोठं. खेळाडू 11 ऐवजी 12. आणि दहा यार्ड पुढे सरकायला चारऐवजी तीनच संधी. त्यामुळे एका जागी उभं राहून चेंडू फेकणाऱ्यापेक्षा धावता धावता विचार करणारा क्वार्टरबॅक तिथे जास्त कामाचा. स्टीफन्स नेमका तसाच होता.

पण कॅनडा म्हणजे स्वर्ग होता असं समजू नका. त्याच कस्टिसने पहिल्या मोसमात ऑल-स्टार होऊन दाखवलं, तरी पुढच्या वर्षी हॅमिल्टनने त्याला पळणाऱ्यांच्या जागी हलवलंच.

आणि आता या गोष्टीतला तो भाग, जो मोटिव्हेशनल रील बनवणारे हमखास कापून टाकतील. स्टीफन्सने मॉन्ट्रियल गाजवलं वगैरे काही नाही. 1962 मध्ये मॅकगिल विद्यापीठाच्या मोल्सन स्टेडियममध्ये तो संघ चालवत होता. त्याच्याकडून चेंडू घेऊन पळणारा जॉर्ज डिक्सन त्या वर्षी लीगचा सर्वोत्तम खेळाडू ठरला. संघ मात्र जिंकला कमी, हरला जास्त. पुढच्या वर्षी स्टीफन्स टोरंटो आर्गोनॉट्सकडे गेला, तिथेही जम बसला नाही. मग एका भीषण कार अपघातात तो इतका जखमी झाला, की पुन्हा चालू शकेल की नाही अशी शंका डॉक्टरांना होती. तो चालायला लागला, पळायलाही लागला. पुढे कॅन्सस सिटी चीफ्समध्ये त्याने परत प्रयत्न केला, पण क्वार्टरबॅक म्हणून नव्हे. अमेरिकेतल्या व्यावसायिक लीगच्या एकाही नियमित सामन्यात तो खेळला नाही. देशातला सर्वोत्तम कॉलेज क्वार्टरबॅक, आणि मोठ्या मैदानावरचा हिशोब दोन मोसम, तेही परदेशात.

हे वाचून माझ्या मनात जे आलं ते तुमच्याही मनात येईल. मग काय फायदा झाला? ब्राऊन्सचं ऐकलं असतं तर?

याचं उत्तर शोधायला लांब जावं लागत नाही, कारण ते ऐकणारा एक जण त्याच्याच संघात होता. बॉबी बेल. नॉर्थ कॅरोलायनाचा, मिनेसोटात आला तो क्वार्टरबॅक व्हायलाच. पण त्या जागेवर आधीच स्टीफन्स होता, म्हणून वॉर्मथ यांनी बेलला पुढच्या फळीत टॅकल म्हणून घातलं. बेल तिथे इतका चमकला, की पुढे कॅन्सस सिटी चीफ्सचा लाइनबॅकर झाला, 1970 मध्ये सुपर बोल जिंकला आणि 1983 मध्ये प्रो फुटबॉल हॉल ऑफ फेममध्ये गेला. दोघे एकाच कॉलेजचे, एकाच खेळातले. एकाने जागा बदलली आणि त्याला सगळं मिळालं. दुसऱ्याने नाही बदलली.

मला बेलला नावं ठेवायची नाहीत. तो जे खेळला ते सोनंच होतं. मला राग येतो तो वेगळ्याच गोष्टीचा. त्या काळात गोऱ्या क्वार्टरबॅकला साधारण असायची मुभा होती. एक मोसम फसला तर दुसरा, एका संघाने काढलं तर दुसरा संघ. स्टीफन्सच्या वाट्याला असं सावकाश शिकणं, चुकणं, सावरणं आलंच नाही. जो स्वतःच्या देशात मिळाला नाही तो चान्स परक्या देशात, परक्या नियमांनी, एकदाच. तो फसला, की सगळ्यांना वाटणार, बघा, आम्ही म्हणत नव्हतो?

आणि हे फक्त 1962 पुरतं नव्हतं. 1968 मध्ये डेन्व्हरच्या मार्लिन ब्रिस्कोने क्वार्टरबॅक म्हणून खेळून दाखवलं. पुढच्या वर्षी बफेलोमध्ये त्याला पास झेलणाऱ्याच्या जागी पाठवलं. 1970 च्या दशकात मिनेसोटात टोनी डंजी हा मुलगा स्टीफन्सच्याच जागेवर खेळला, पण व्यावसायिक फुटबॉलमध्ये त्याला बचावफळीत जावं लागलं. हाच डंजी 2007 मध्ये सुपर बोल जिंकणारा पहिला कृष्णवर्णीय मुख्य प्रशिक्षक झाला. आणि जानेवारी 1978 मध्ये रोझ बोलचा सामनावीर कोण? वॉरन मून, वॉशिंग्टन विद्यापीठाचा कृष्णवर्णीय क्वार्टरबॅक. स्टीफन्सनंतर 16 वर्षांनी तेच मैदान, तोच मान. एनएफएलच्या ड्राफ्टमध्ये त्याला एकाही संघाने घेतलं नाही. मूनही कॅनडालाच गेला, एडमंटनला. तिथे त्याच्या संघाने सलग पाच वेळा ग्रे कप उचलला, तेव्हा कुठे अमेरिकेतून बोलावणं आलं, क्वार्टरबॅक म्हणून. 2006 मध्ये प्रो फुटबॉल हॉल ऑफ फेममध्ये गेलेला तो पहिला कृष्णवर्णीय क्वार्टरबॅक.

तोपर्यंत स्टीफन्स राहिला नव्हता. जून 2000 मध्ये, मिनेसोटातल्या ब्लूमिंग्टनमध्ये, वयाच्या 59 व्या वर्षी हृदयविकाराने तो गेला. त्याच वर्षी विद्यापीठाने त्याचा 15 नंबर कायमचा बाजूला काढला. कॉलेज फुटबॉल हॉल ऑफ फेमला मात्र त्याचं नाव आठवायला 2011 उजाडलं. सर्वमान्य ऑल-अमेरिकन क्वार्टरबॅकला तिथे जायला पन्नास वर्षं लागली.

आता बेलचा 78 नंबरही मिनेसोटाने निवृत्त केला आहे. म्हणजे 15 आणि 78, दोन्ही आकडे आज तिथल्या एकाच यादीत आहेत आणि नवीन आलेल्या कुठल्याच मुलाला त्यातला एकही मिळत नाही.