पाटबंधारे खात्यातला कवी

अलेक्झांड्रिया शहरातील रू लेप्सियस ही काही प्रतिष्ठितांची गल्ली नव्हती. तेथील दहा क्रमांकाच्या इमारतीत दुसऱ्या मजल्यावर एक ग्रीक गृहस्थ एकटाच राहत असे. खालच्या मजल्यावर कुंटणखाना, जवळच संत साबा यांचे चर्च आणि हाकेच्या अंतरावर ग्रीक रुग्णालय. देहाची भूक, पापाची क्षमा आणि अखेरचा श्वास या तिन्हींची सोय इतक्या जवळ आणखी कोठे लाभणार, असे तो येणाऱ्या-जाणाऱ्यांना गमतीने सांगे. घरात विजेचे दिवे नव्हते. मेणबत्त्या आणि तेलाचे दिवे पुरेसे होते. हा गृहस्थ सरकारी कचेरीत कारकुनी करी. त्याचे नाव कॉन्स्टंटाईन कवाफी. विसाव्या शतकातील श्रेष्ठ ग्रीक कवींमध्ये आज त्याची गणना होते.

कवाफीचा जन्म 1863 साली अलेक्झांड्रियात, एका श्रीमंत व्यापारी कुटुंबात झाला. वडिलांच्या पेढीचा व्यवहार इंग्लंडपर्यंत पसरलेला होता. पण 1870 साली वडील वारले आणि पुढील काही वर्षांत पेढीही बुडाली. आई मुलांना घेऊन इंग्लंडला गेली. तेथे बालपणीची काही वर्षे काढल्याने कवाफीची इंग्रजी भाषा पक्की झाली. कुटुंब परतले तेव्हा पूर्वीचे वैभव उरले नव्हते. 1882 साली ब्रिटिश आरमाराने अलेक्झांड्रियावर तोफांचा भडिमार केला. त्या काळात कुटुंबाने कॉन्स्टॅन्टिनोपलचा आश्रय घेतला. 1885 साली कवाफी पुन्हा आपल्या गावी आला.

पोटापाण्यासाठी त्याने थोडी पत्रकारिता केली, कापसाच्या बाजारातही काम केले. अखेर तो सार्वजनिक बांधकाम मंत्रालयाच्या पाटबंधारे खात्यात दाखल झाला. सुरुवातीला त्याने बिनपगारी उमेदवारी केली. 1892 साली नेमणूक झाली, ती महिना 7 पौंड पगारावर, आणि तीही हंगामी. त्याने ब्रिटिश नागरिकत्व सोडून ग्रीक नागरिकत्व पत्करले होते आणि परकीयाला कायम नोकरी मिळत नसे. तरीही ही हंगामी नोकरी तब्बल 30 वर्षे चालली.

इंग्रज अभियंत्यांच्या हाताखालील त्या खात्यात उत्तम इंग्रजी लिहिणारा माणूस मोलाचा होता. पत्रव्यवहार तपासणे, त्यातील चुका दुरुस्त करणे हे कवाफीचे काम. तो कचेरीत उशिरा पोहोचे, मेजावर फायली पसरून ठेवी आणि कामात बुडाल्याचा आभास निर्माण करी. दार बंद असताना सहकारी किल्लीच्या भोकातून डोकावत. तेव्हा तो हातवारे करीत ओळी जुळवताना दिसे, अशी आठवण मागे राहिली आहे. कचेरी दुपारी सुटे. त्यानंतरचा वेळ मात्र सर्वस्वी त्याचा असे.

या सौद्याची किंमत त्याला ठाऊक नव्हती असे नाही. 1905 साली त्याने एका खाजगी टिपणात आपली खंत नोंदवली. काम करीत असता एखादी दुर्मीळ कल्पना सुचते, ती बाजूला ठेवून कागद उरकावे लागतात आणि घरी परतल्यावर ती हाती लागत नाही, असा त्याचा आशय आहे. पण त्याच पगाराने त्याला एक मोठे स्वातंत्र्यही दिले. कवितेने पोट भरावे, अशी वेळ त्याच्यावर आली नाही. आयुष्यात त्याने विक्रीसाठी एकही संग्रह काढला नाही. तो कविता स्वखर्चाने सुट्या पानांवर छापून घेई, त्या टाचून पुस्तिका करी आणि निवडक वाचकांना देई. छापलेल्या पानांवरही दुरुस्त्या चालू असत. त्याने अखेर मान्य केलेल्या कविता केवळ 154 आहेत.

एकटेपण टप्प्याटप्प्याने आले. 1899 साली आई गेली, पाठोपाठ काही भाऊ गेले. सोबत राहणारा भाऊ पॉल 1908 साली युरोपात निघून गेला. समलिंगी प्रेम त्याने जगापासून जपून ठेवले, मात्र कवितेत ते उत्तरोत्तर निःसंकोच होत गेले. तरुणपणच्या चोरट्या भेटी अनेक वर्षांनी, दिव्याच्या मंद उजेडात, स्मृती होऊन कागदावर उतरल्या. ऱ्हासाला लागलेली ग्रीक राज्ये, पराभूत राजे, तडजोडी करणारे दरबारी हा त्याच्या कवितेचा दुसरा प्रदेश. सत्ताधाऱ्यांच्या कचेरीत तीन दशके बसलेल्या माणसाला ती माणसे परकी वाटली नसावीत.

पहिल्या महायुद्धात रेड क्रॉसच्या कामासाठी आलेला इंग्रज कादंबरीकार ई. एम. फॉर्स्टर त्याला भेटला आणि 1919 साली त्याने इंग्रजी वाचकांना या कवीची ओळख करून दिली. हाच फॉर्स्टर पुढे 1921 साली देवास संस्थानच्या पवार महाराजांचा खाजगी सचिव झाला होता. इंग्रजी अनुवादाचे पुस्तक काढावे असे प्रयत्न झाले, पण कवाफी चालढकल करीत राहिला.

1922 साली त्याने नोकरी सोडली आणि एका जाचातून सुटल्याचे समाधान व्यक्त केले. मोकळीक मिळाली ती जेमतेम 11 वर्षांची. घशाचा कर्करोग झाला, 1932 साली अथेन्समध्ये शस्त्रक्रिया झाली आणि वाचा गेली. गप्पांत रमणारा हा माणूस अखेरीस चिठ्ठ्यांवर लिहून बोलू लागला. 29 एप्रिल 1933 रोजी, आपल्या सत्तराव्या वाढदिवशी, घराजवळच्या त्याच ग्रीक रुग्णालयात त्याने प्राण सोडला.

त्याच्या कवितांचा पहिला संग्रह 1935 साली, म्हणजे मृत्यूनंतर दोन वर्षांनी निघाला. रू लेप्सियसवरील त्या घराचे पुढे संग्रहालय झाले आणि त्या गल्लीला कवाफीचे नाव मिळाले. पाटबंधारे खात्याने ज्याला तीस वर्षे हंगामी ठेवले, त्या कारकुनाला त्याच्या शहराने असे कायम करून घेतले.