झिनियाच्या नावातले डोळ्यांचे डॉक्टर

पावसाळ्याच्या तोंडावर बियाण्यांच्या दुकानात झेंडूच्या पुड्यांशेजारी झिनियाच्या पुड्या दिसू लागतात. बी स्वस्त, निगा कमी आणि दोन महिन्यांत लाल, गुलाबी, केशरी फुलांनी अंगण भरून जाते. गेवराई तालुक्यातल्या उमापूरसारख्या गावात, जिथे पाऊस बेताचाच आणि पाणी जपून वापरावे लागते, तिथे परसातल्या फुलझाडांमध्ये हे झाड चांगले जमते. मात्र या फुलाचे नाव एका डॉक्टरांवरून पडले आहे आणि त्याच डॉक्टरांचे नाव आपल्या डोळ्यातल्या एका भागालाही आहे, हे फार थोड्यांना ठाऊक असते.

योहान गॉटफ्रीड झिन यांचा जन्म 6 डिसेंबर 1727 रोजी जर्मनीतील न्यूरेंबर्गजवळच्या श्वाबाख या गावी झाला. वैद्यकाच्या शिक्षणासाठी ते ग्योटिंगेन विद्यापीठात गेले. तिथे त्यांना आल्ब्रेख्त फॉन हालर हे गुरू लाभले. हालर शरीररचना शिकवत आणि वनस्पतीही शिकवत. आज हे दोन वेगळे विषय वाटतात, पण त्या काळी बहुतेक औषधे झाडपाल्यातून येत. आपल्याकडच्या वैद्याला जशी मुळी आणि पाला ओळखता यावा लागे, तसेच तिथल्या डॉक्टरांचेही होते. म्हणूनच वैद्यकीय विद्यापीठाला स्वतःची वनस्पती बाग असे.

1749 मध्ये झिन यांना पदवी मिळाली. 1753 मध्ये हालर मायदेशी स्वित्झर्लंडला परतले आणि बागेची जबाबदारी झिन यांच्याकडे आली. तेव्हा त्यांचे वय होते 25. पुढची सहा वर्षे त्यांनी एकीकडे बाग सांभाळली आणि दुसरीकडे मृतदेहांच्या विच्छेदनातून मानवी डोळ्याचा अभ्यास केला.

या अभ्यासावरचा त्यांचा लॅटिन ग्रंथ 1755 मध्ये प्रसिद्ध झाला. मानवी डोळ्याच्या रचनेचे इतके बारकाईचे सचित्र वर्णन तोवर क्वचितच झाले होते. डोळ्यातले भिंग जागच्या जागी कसे राहते, हे त्यात नीट मांडलेले होते. भिंगाच्या कडेला चहूबाजूंनी अतिशय बारीक तंतू असतात. तंबूला जसे चारी बाजूंनी दोर ताणलेले असावेत, तसे हे तंतू भिंगाला मधोमध धरून ठेवतात. या तंतूंच्या कड्याला आजही झिन यांच्या नावाने ओळखले जाते. डोळा फिरवणारे चार सरळ स्नायू खोबणीच्या तळाशी ज्या कड्यातून निघतात, त्यालाही त्यांचेच नाव आहे. दृष्टी-चेतातंतूच्या टोकाभोवतीच्या रक्तवाहिन्यांच्या वलयाला तर झिन आणि हालर या गुरुशिष्यांचे जोडनाव मिळाले.

या तंतूंचे महत्त्व पुढे अधिकाधिक कळत गेले. 1855 मध्ये हेल्महोल्ट्झ यांनी दाखवले, की जवळचे पाहताना डोळ्यातला स्नायू आकुंचन पावतो, तंतू सैल होतात, भिंग फुगते आणि अक्षरे स्पष्ट दिसतात. मोतीबिंदूच्या जुन्या पद्धतीच्या शस्त्रक्रियेत हे तंतू तोडून संपूर्ण भिंग काढत. मग रुग्णाला जाड भिंगांचा चष्मा लावावा लागे. आजच्या शस्त्रक्रियेत भिंगाचे पातळ आवरण राखून आतला गढूळ भाग काढतात आणि त्या आवरणात कृत्रिम भिंग बसवतात. ते आवरण जागेवर धरून ठेवतात ते हेच तंतू. म्हणून डोळ्याला चेंडू, दगड किंवा फटाका लागल्यानंतर अंधूक किंवा दोन-दोन दिसू लागले, तर घरगुती उपाय न करता लगेच नेत्रतज्ज्ञांकडे जावे. अशा माराने तंतू तुटून भिंग सरकलेले असू शकते.

बागेतही झिन तितक्याच बारकाईने पाहत. 1757 मध्ये त्यांनी बागेतल्या आणि परिसरातल्या वनस्पतींची सूची प्रसिद्ध केली. त्यात अमेरिका खंडातून आलेल्या एका झाडाचे वर्णन होते. झिन यांनी ते रुडबेकिया या आधीच माहीत असलेल्या प्रजातीत घातले होते. स्वीडनचे कार्ल लिनियस यांना मात्र ती वेगळी प्रजाती वाटली. त्यांनी 1759 मध्ये तिला झिनिया हे नाव दिले. त्याच वर्षी 6 एप्रिलला झिन यांचे निधन झाले होते. वय होते अवघे 31.

झिन मेक्सिकोत फुले गोळा करत असताना दरोडेखोरांनी त्यांना अडवले, अशी एक चटकदार गोष्ट सांगितली जाते. ती खरी नाही. ते मेक्सिकोला गेलेच नव्हते. त्यांचे मुख्य काम ग्योटिंगेनमध्ये झाले. मेक्सिकोत रानटी झिनियाला काही ठिकाणी ‘माल दे ओहो’ म्हणतात. त्याचा अर्थ डोळ्याचा आजार असाही होतो आणि दृष्ट लागणे असाही. डोळ्यांच्या अभ्यासकाचे नाव याच फुलाला मिळावे, हा निव्वळ योगायोग.

आपण आज अंगणात लावतो ती मोठ्या फुलांची जातही मूळची मेक्सिकोचीच. तिला भरपूर ऊन हवे आणि मुळाशी पाणी साचलेले चालत नाही. काळ्या मातीत थोडी वाळू आणि कुजलेले शेणखत मिसळावे. बी साधारण एक सेंटीमीटर खोल पेरावे. आठवडाभरात ते उगवते. दोन रोपांत वीतभर ते फूटभर अंतर ठेवावे. रोप वीतभर झाले की शेंडा खुडावा, म्हणजे फांद्या फुटून फुले वाढतात. पाणी बुडाशी द्यावे. पाने ओली राहिली आणि वारा खेळला नाही, तर पानांवर भुरी पडते. 2016 च्या जानेवारीत आंतरराष्ट्रीय अवकाश स्थानकात झिनिया फुलला, त्याआधी तिथल्या रोपांवरही जास्त ओलाव्यामुळे बुरशी आली होती.

हंगामाच्या शेवटी चांगली फुले झाडावरच पूर्ण वाळू द्यावीत, बी चोळून काढावे आणि कागदी पुडीत कोरड्या जागी ठेवावे. पुडीवर रंग आणि महिना लिहिला, तर पुढच्या जूनमध्ये कोणते बी कुठे पेरायचे ते कळते. अशी टिपणे ठेवणे झिन यांच्या नोकरीचाच भाग होता.