वाल्डेमार हाफकिन

वाल्डेमार मोर्डेकाय हाफकिन (१५ मार्च, इ.स. १८६० - २६ ऑक्टोबर, इ.स. १९३०) हे रशियन साम्राज्यात जन्मलेले ज्यू सूक्ष्मजीवशास्त्रज्ञ होते. पटकी (कॉलरा) आणि गाठीचा प्लेग या दोन्ही रोगांवरील लसी त्यांनी तयार केल्या व त्यांचा मोठ्या प्रमाणावरील पहिला वापर भारतात केला. मुंबईच्या परळ भागातील हाफकिन संस्था त्यांच्याच नावाने ओळखली जाते. संस्थेचे नाव महाराष्ट्रात सर्वतोमुखी आहे. त्या मानाने ज्याचे ते नाव, त्या माणसाची हकिकत फारशी कोणास ठाऊक नसते.

पूर्वायुष्य

हाफकिन यांचा जन्म काळ्या समुद्राच्या काठावरील ओडेसा या शहरात झाला. शालेय शिक्षण बर्ड्यान्स्क येथे झाले. पुढे ओडेसाच्या विद्यापीठात प्राणिशास्त्राचे अध्ययन करताना त्यांना एली मेचनिकॉफ हे गुरू लाभले. विद्यार्थिदशेत झारशाहीविरोधी क्रांतिकारकांशी त्यांचा संबंध आला आणि ज्यूंच्या वस्तीवर झालेल्या हल्ल्यांचा प्रतिकार करताना ते जखमी होऊन तुरुंगातही गेले. ज्यू धर्म सोडल्याखेरीज विद्यापीठात अध्यापकपद मिळणे शक्य नव्हते. तो त्यांनी सोडला नाही. काही वर्षे ओडेसाच्या प्राणिशास्त्रीय वस्तुसंग्रहालयात काम करून १८८८ साली त्यांनी रशिया सोडला. जिनिव्हा येथे अल्पकाळ अध्यापन केले आणि १८८९ साली ते पॅरिसच्या पाश्चर संस्थेत दाखल झाले. मेचनिकॉफ तेथे आधीच पोहोचले होते, परंतु शिष्यासाठी मोकळी जागा होती ती ग्रंथपालाची. ग्रंथालयाचे काम संपल्यावर उरलेल्या वेळात हाफकिन यांनी आपले संशोधन चालू ठेवले.

पटकीची लस

पटकीचे जंतू एका गिनी पिगच्या उदरपोकळीतून दुसऱ्याच्या, असे पुनःपुन्हा संक्रमित करून त्यांनी त्यांची तीव्रता वाढवली. दुसरीकडे उष्ण हवेत वाढवून ती क्षीणही केली. आधी क्षीण आणि काही दिवसांनी तीव्र अशा दोन मात्रा टोचावयाच्या, ही त्यांची पद्धती होती. १८ जुलै १८९२ रोजी त्यांनी ही लस प्रथम स्वतःस टोचून घेतली. ज्वर आला व उतरला. त्यानंतर काही मित्रांनी ती घेतली.

लस निरुपद्रवी आहे एवढेच यातून सिद्ध होत होते. ती रोगाला आवरते की नाही, हे जेथे साथ आहे तेथेच कळणार होते. पॅरिसमधील तत्कालीन ब्रिटिश राजदूत लॉर्ड डफरिन हे भारताचे माजी व्हाइसरॉय असल्याने त्यांनी भारताचा मार्ग सुचवला आणि मार्च १८९३ मध्ये हाफकिन कलकत्त्यास उतरले. आग्र्यापासून आसामच्या चहाच्या मळ्यांपर्यंत त्यांनी प्रवास केला. कलकत्त्याच्या एका वस्तीत प्रथम त्यांच्यावर दगडफेक झाली, तेव्हा त्यांच्या बरोबरच्या डॉक्टरांनी लोकांसमक्ष एकमेकांना लस टोचून दाखवली. काट्टल बागान या वस्तीत १८९४ साली सुमारे २०० रहिवाशांपैकी ११६ जणांनी लस घेतली. त्यानंतर तेथे पटकीचे जे १० रुग्ण आढळले, ते सर्व लस न घेतलेल्यांतील होते व त्यांपैकी ७ दगावले. एकाच वस्तीतील, एकच पाणी पिणाऱ्या माणसांची अशी तुलना करणे, हा या कामातील खरा शास्त्रीय भाग होय. दोन वर्षांत सुमारे ४२ हजार लोकांना लस देऊन, मलेरियाने खंगलेले हाफकिन १८९५ साली उपचारासाठी युरोपात परतले. पुढच्याच वर्षी ते पुन्हा भारतात आले.

मुंबईतील प्लेग

सप्टेंबर १८९६ मध्ये मुंबईच्या मांडवी भागात प्लेगचे निदान झाले. ते करणारे डॉ. अकासिओ व्हिएगस हे मूळचे गोमंतकीय होते. ऑक्टोबरच्या पहिल्या आठवड्यातच सरकारने हाफकिन यांना मुंबईस पाठवले. ग्रँट मेडिकल कॉलेजातील एक खोली व बाहेरची पडवी, एक कारकून आणि तीन शिपाई एवढा त्यांचा सरंजाम होता. मांसाच्या रसात जंतू वाढवावयाचे तर हिंदू व मुसलमान या दोहोंच्या भावना सांभाळणे आवश्यक होते; म्हणून त्यांनी बोकडाचे मांस घेतले. त्या रसावर तुपाचे थेंब तरंगत ठेवले की त्यांना लोंबकळून जंतूंची भरघोस वाढ होते, हे त्यांनी शोधून काढले. काही आठवड्यांनी ते उष्णतेने मारून त्यात कार्बोलिक आम्ल घातले जाई. १० जानेवारी १८९७ रोजी नेहमीच्या मात्रेहून मोठी, १० घन सेंटिमीटर इतकी मात्रा त्यांनी स्वतः घेतली.

त्याच महिन्यात भायखळ्याच्या तुरुंगात प्लेग शिरला. सुमारे निम्म्या कैद्यांनी स्वेच्छेने लस घेतली. टोचण्याच्या दिवशीच आजारी पडलेले वगळता, त्यांच्यात पुढे दोघांना प्लेग झाला व दोघेही वाचले. लस न घेतलेल्यांत १२ जणांना झाला व ६ मरण पावले. पुण्यात त्या वर्षी प्लेगची सेवा करताना सावित्रीबाई फुले मृत्यू पावल्या, आणि प्लेग अधिकारी रँड याच्या घरझडत्यांच्या जुलमातून चापेकर बंधूंचे प्रकरण घडले. हाफकिन यांचा भर मात्र सक्तीवर नसून लोकांच्या संमतीवर होता. तिसरे आगाखान यांनी स्वतः लस घेऊन खोजा समाजास ती घेण्यास प्रवृत्त केले व प्रयोगशाळेसाठी आपला खुश्रू लॉज हा बंगला दिला. १० ऑगस्ट १८९९ रोजी प्रयोगशाळा परळच्या जुन्या राजभवनात गेली. तीच आजची वास्तू.

मुल्कोवाल प्रकरण

३० ऑक्टोबर १९०२ रोजी पंजाबातील मुल्कोवाल या गावी १०७ लोकांना प्लेगची लस टोचण्यात आली. त्यांपैकी १९ जण काही दिवसांत धनुर्वाताने मरण पावले. सर्व १९ जणांना एकाच बाटलीतील लस दिली गेली होती. त्या काळी मागणी वाढल्याने परळच्या प्रयोगशाळेत कार्बोलिक आम्ल न घालता केवळ उष्णतेने निर्जंतुक केलेली लस तयार होत असे. मुंबईचे मुख्य न्यायाधीश सर लॉरेन्स जेन्किन्स यांच्या अध्यक्षतेखालील चौकशी मंडळाने दोष प्रयोगशाळेवर ठेवला. हाफकिन यांना पदावरून दूर केले गेले व १९०४ साली ते भारत सोडून गेले.

गावातील पुरावा वेगळेच सांगत होता. बाटलीचे बूच काढताना चिमटा जमिनीवर पडला होता आणि तो पुरेसा निर्जंतुक न करताच वापरला गेला. बाटली उघडली तेव्हा तिला दुर्गंधी नव्हती. धनुर्वाताचे जंतू आत आधीपासून वाढत असते तर ती आल्यावाचून राहिली नसती. कार्बोलिक आम्लावाचून लस तयार करणे ही पाश्चर संस्थेतील रूढ पद्धती होती, हेही मंडळाच्या गणतीत आले नाही. १९०७ साली रोनाल्ड रॉस यांनी लंडनच्या टाइम्समध्ये हा विषय लावून धरला व दहा नामांकित जंतुशास्त्रज्ञांनी हाफकिन यांची बाजू घेतली. अखेर त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये ते दोषमुक्त ठरले. या प्रकरणाची तुलना फ्रान्समधील ड्रायफस प्रकरणाशी केली जाते. दोषमुक्ती पूर्ण होती, भरपाई मात्र अपुरी : परळची जागा त्यांना परत मिळाली नाही. कलकत्त्याच्या प्रयोगशाळेत पद मिळाले, पण माणसांवर नव्या लसीच्या चाचण्या घेण्यास मज्जाव होता. १९१४ साली ते निवृत्त झाले.

उत्तरायुष्य व स्मृती

निवृत्तीनंतर ते फ्रान्समध्ये व १९२८ पासून स्वित्झर्लंडमधील लोझान येथे राहिले. ते अविवाहित होते. उतारवयात ते परंपरानिष्ठ ज्यू धर्माचरणाकडे वळले आणि पूर्व युरोपातील ज्यू धर्मपाठशाळांना साह्य करण्यासाठी आपली संपत्ती त्यांनी एका न्यासास दिली. त्या पाठशाळांत विज्ञान व व्यवसायाचेही शिक्षण मिळावे अशी त्यांची अपेक्षा होती. लोझान येथेच त्यांचे निधन झाले.

परळच्या प्रयोगशाळेला १९२५ साली हाफकिन संस्था असे नाव देण्यात आले. १८९७ पासून तोवर तेथून प्लेगच्या लसीच्या सुमारे २ कोटी ६० लाख मात्रा बाहेर गेल्या होत्या. भारतीय टपाल खात्याने १९६४ साली त्यांच्या स्मरणार्थ तिकीट काढले.